कॅमेऱ्याआधी पुस्तकं, आणि तीही जोडीने

फोटोग्राफी शिकायला कुठलं पुस्तक घेऊ, असं विचारणाऱ्याला एक नाव सांगणं सोपं आहे. पण एकच पुस्तक सांगितलं की त्याचा डोळा वाचणाऱ्याला चिकटतो. काशीवरचं एक देखणं पुस्तक पाहून काशीला गेलेला माणूस तेच घाट, तीच पहाट आणि तोच एकटा नावाडी टिपून परत येतो. यावर उपाय एवढाच, की एका जागेबद्दल किंवा एका प्रश्नाबद्दल दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचायची. शक्यतो एक चित्रांचं आणि एक शब्दांचं, एक बाहेरून आलेल्याचं आणि एक आतल्या माणसाचं. दोघांचं जिथे पटत नाही, तिथे आपल्याला काहीतरी दिसायला लागतं. खाली अशाच काही जोड्या आहेत. त्या प्रवासाला निघण्याआधी वाचाव्यात, आल्यावर पुन्हा उघडाव्यात.

पहिली जोडी अमेरिकेची. रॉबर्ट फ्रँक हा झुरिकमध्ये जन्मलेला स्विस छायाचित्रकार. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर १९५५ आणि १९५६ मध्ये तो गाडीने अमेरिकाभर फिरला. सुमारे ७६७ रोल, म्हणजे जवळजवळ २७,००० फ्रेम त्याने खर्च केल्या आणि त्यातून ८३ फोटो निवडले. पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसमध्ये निघालं आणि १९५९ मध्ये ‘द अमेरिकन्स’ या नावाने न्यूयॉर्कमध्ये. त्या वेळी तिथल्या समीक्षकांना ते अजिबात रुचलं नव्हतं. फोटो हललेले आहेत, दाणेदार आहेत (फिल्मचे कण दिसतात), क्षितिज तिरकं आहे, अशी ओरड झाली. आज गंमत उलटी झाली आहे. नवशिके फ्रँककडून नेमकं तेवढंच उचलतात, तिरकं क्षितिज आणि दाणे. त्याचं खरं काम फोटोंच्या क्रमात आहे.

तो क्रम कसा वाचायचा ते सांगतो, कारण कुठल्याही फोटोपुस्तकाला ही पद्धत चालते. पहिल्या वेळी ओळी न वाचता दहा मिनिटांत सगळं पुस्तक चाळा. दुसऱ्या वेळी हळू जा आणि प्रत्येक पान उलटताना आधीच्या फोटोतलं काय नव्या फोटोत आलं तेवढंच पाहा: एखादा आकार, एखादी दिशा, हात, झाकलेली वस्तू. तिसऱ्या वेळी फोटोखालची ठिकाणं वाचा. फ्रँकच्या पुस्तकात कॅलिफोर्नियातली कापडाने झाकलेली एक मोटार दिसते. पान उलटलं की अॅरिझोनात हमरस्त्याच्या कडेला पांघरुणाखाली झाकलेलं प्रेत आणि भोवती उभी माणसं. दोन्ही फोटोंत झाकणारं कापड आहे, बाकी काही सांगितलेलं नाही. अमेरिकेचा झेंडा पुस्तकात वारंवार येतो, आणि पुस्तकाचे जे चार भाग पडतात त्यांची सुरुवात त्यानेच होते. पेन्सिलीने कागदावर या जागा टिपून ठेवा. प्रत्येक झेंड्यानंतर येणाऱ्या फोटोंचा सूर बदलतो हे तेव्हाच लक्षात येतं.

आवृत्ती निवडताना २००८ ची स्टाइडल प्रकाशनाची घ्यावी. फ्रँकने स्वतः तिच्या छपाईत लक्ष घातलं होतं, आणि आधीच्या आवृत्त्यांत कापलेल्या बऱ्याच फोटोंच्या कडा तिच्यात मोकळ्या केल्या आहेत. पुस्तक आकाराने लहान आहे, मांडीवर धरून पाहण्याजोगं, आणि ते तसंच पाहावं. पडद्यावर एकेक फोटो सुटा पाहिला तर क्रम मरतो.

याच्या शेजारी ठेवायचं पुस्तक मराठी आहे आणि ते फ्रँकच्या आधी जवळजवळ सत्तर वर्षं लिहिलेलं आहे: पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’, १८८९. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. आपल्याकडे प्रवासवर्णन म्हटलं की बोट लागून झालेली उलटी, पहिला बर्फ आणि हॉटेलातलं जेवण असा एक साचा आहे. रमाबाई समुद्रप्रवासाचं वर्णन करून लवकरच राज्यव्यवस्थेकडे वळतात. मग राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम. एका गुलाम देशातली विधवा स्त्री एका स्वतंत्र देशाचं शल्यचिकित्सकासारखं निदान करते आहे. स्त्रियांच्या संघटनांचं कौतुक मनापासून आहे, आणि काळ्या माणसांना व तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवरची टीकाही तितकीच स्पष्ट. आता फ्रँकचा न्यू ऑर्लीन्सच्या ट्रॉलीचा फोटो काढून पाहा. खिडक्यांच्या चौकटींत पुढे गोरे, मागे काळे. रमाबाईंनी जे वाक्यांत मांडलं ते इथे पाच खिडक्यांत मांडलं आहे. फोटोला कारणं सांगता येत नाहीत आणि लेखाला चेहरा दाखवता येत नाही, हे या दोन पुस्तकांइतकं स्वच्छ क्वचितच कळतं.

रमाबाईंच्या मूळ पुस्तकावरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्याचं पुनर्मुद्रणही केलं आहे. जुन्या वाक्यरचनेची सवय व्हायला वीस-पंचवीस पानं लागतात. अडखळणाऱ्यांनी स्त्रियांच्या स्थितीवरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मराठी न वाचणाऱ्या मुलानातवंडांसाठी मीरा कोसंबी यांचा २००३ चा इंग्रजी अनुवाद आहे.

दुसरी जोडी १८५७ ची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ बहुतेकांनी शाळेत निदान ऐकलेला असतो. पेणजवळच्या वरसईचा एक भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत जातो, बंडात सापडतो, झाशीच्या वेढ्यात किल्ल्याच्या आत असतो आणि कशीबशी गंगेची कावड घेऊन घरी येतो. हे लिहिलं गेलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. छापलं गेलं १९०७ मध्ये, आणि चिंतामण विनायक वैद्यांनी छापताना मजकुरात बदल केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची आहे. विकत घेताना नेमकी कुठली आवृत्ती हातात आहे हे पहिल्या दोन पानांवर तपासा. त्याने वाचनात फार फरक पडतो.

त्याच्याशेजारी फेलीचे बिआतो या युरोपीय छायाचित्रकाराचे फोटो ठेवायचे. बिआतो १८५८ मध्ये भारतात आला. लखनौच्या सिकंदरबागेचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे: पडकी इमारत आणि पुढे अंगणात विखुरलेली हाडं. लढाई झाली होती नोव्हेंबर १८५७ मध्ये आणि फोटो निघाला त्यानंतर काही महिन्यांनी. मृतांचे सांगाडे फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडले गेले, असं अभ्यासक मानतात. त्या काळी काचेच्या निगेटिव्हवर काही सेकंदांचं एक्स्पोजर लागायचं, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घ्यावा लागायचा, त्यामुळे धावता माणूस टिपता येतच नव्हता. युद्धाचा फोटो म्हणजे युद्धानंतरचं नेपथ्य, ही त्या तंत्राचीच मर्यादा होती. आता दोन्ही समोर ठेवून विचार करा. एक साक्षीदार तिथे होता पण पंचवीस वर्षांनी बोलतो. दुसरा काही महिन्यांत पोचला पण दृश्य मांडून घेतो. कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवण्याचा याहून चांगला सराव नाही. बिआतोसाठी अॅन लाकोस्त यांचं २०१० चं गेटी प्रकाशनाचं पुस्तक आहे. एकूण काळ समजून घ्यायचा तर विद्या दहेजिया यांनी संपादित केलेलं ‘इंडिया थ्रू द लेन्स’ हे १८४० ते १९११ या काळावरचं पुस्तक ग्रंथालयात बसून पाहण्यासारखं आहे. तिथे कॅप्शनमधली मापं आणि प्रिंटचा प्रकार वाचायला विसरू नका. तळहाताएवढा प्रिंट आणि भिंतीवर लावायचा प्रिंट पुस्तकात एकाच आकाराचे दिसतात आणि आपला अंदाज चुकतो.

परक्या समाजाचे फोटो कसे काढू नयेत, हे शिकवणारी दोन जुनी कामंही याच ओघात पाहावीत. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेलं सरकारी काम. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि प्रत्येकासोबत ती ‘जात’ किंवा ‘जमात’ कशी आहे याचा साहेबी निवाडा: ही विश्वासू, ती चोरटी. माणसाचं नाव क्वचितच. दुसरं एडवर्ड कर्टिसचं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचं वीस खंडांचं काम, १९०७ ते १९३०. कर्टिसचे प्रिंट अप्रतिम आहेत आणि तिथेच धोका आहे. पिगन जमातीच्या एका तंबूच्या फोटोत दोन माणसांच्या मधे घड्याळ होतं. छापताना ते पुसून टाकलं, कारण ‘लोप पावणाऱ्या’ संस्कृतीत घड्याळ शोभत नव्हतं. आजही आदिवासी पाड्यावर गेलेला फोटोग्राफर डिश अँटेना, प्लॅस्टिकची बादली आणि मुलाच्या हातातला मोबाइल चौकटीबाहेर ठेवण्यासाठी दोन पावलं सरकतो. ती दोन पावलं कर्टिसचीच आहेत.

म्हणून वारली चित्रकलेची जोडी. यशोधरा दालमिया यांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ १९८८ चं, ललित कला अकादमीचं. टीशर्टवरच्या आणि रिसॉर्टच्या भिंतीवरच्या वारली नक्षीपलीकडे ज्यांना जायचं आहे त्यांनी ते वाचावं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक, त्यातली पालघट देवी, तो चौक सुवासिनींनीच काढण्याची रीत. कागदावर आणि कॅनव्हासवर आलेली, जिव्या सोमा मशे यांच्यामुळे १९७० च्या दशकापासून जगभर पोचलेली चित्रं ही त्यानंतरची गोष्ट. तो बदल समजल्याशिवाय वारली चित्राचा फोटो काढणं म्हणजे नुसती नक्षी उतरवून घेणं.

त्याच्यासोबत पाहायचं काम गौरी गिल आणि राजेश वांगड यांचं, ‘फील्ड्स ऑफ साइट’. वांगड डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे चित्रकार. गिल तिथल्या जमिनीचा, झाडांचा, कारखान्याचा कृष्णधवल फोटो काढतात. त्यात बऱ्याचदा वांगड स्वतः उभे असतात. मग त्या प्रिंटवर वांगड बारीक रेषांनी चित्र काढतात: त्या जागेवर काय घडलं, कोण गेलं, कुठला देव कुठे बसतो. जे कॅमेऱ्याला दिसत नाही आणि गावाला माहीत आहे ते वर येतं. जव्हार भागातल्या मुखवटे करणाऱ्या कलाकारांसोबत गिल यांनी केलेलं ‘अॅक्ट्स ऑफ अपीअरन्स’ही असंच. मुखवटे पारंपरिक देवदेवतांचे नाहीत, रोजच्या जगण्यातले आहेत, आणि ते घालून माणसं दुकानात, दवाखान्यात, घरात बसलेली आहेत. ज्याचा फोटो निघतो तो कामात भागीदार झाला की काय होतं, ते या दोन पुस्तकांत दिसतं. पुस्तकं महाग आहेत. पण दोन्ही मालिकांची बरीच चित्रं कलादालनांच्या आणि संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात.

वारीला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे, आणि दिवे घाटातला वळणदार दिंडीचा फोटो आता इतका झाला आहे की तो काढण्यात काही उरलेलं नाही. जाण्याआधी दोन गोष्टी वाचा. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातला ‘वाटचाल’ हा लेख, आणि दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’. इरावतीबाई दिंडीतून चालल्या. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. पण त्याच लेखात दुसरी नोंद आहे: अभंग एकत्र म्हणणाऱ्या एकाच दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगळं होतं, आणि त्याचा त्यांना रोज त्रास होत होता. मोकाशी १९६१ मध्ये आळंदीहून पालखीसोबत चालले. ते कथाकार आहेत, श्रद्धेच्या बाबतीत साशंक आहेत, आणि म्हणूनच बारीकसारीक गोष्टी बघतात. एक समाजशास्त्रज्ञ बाई मनाने आत शिरते आणि एक लेखक जरा अंतर राखून चालतो, अशी ही जोडी.

ती वाचताना एक काम करा. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे पुस्तकातल्या अशा गोष्टी लिहा ज्या फोटोत येऊ शकतात: चुली, ओली धोतरं, पायाला बांधलेली चिंधी, तंबूचे खुंट, पाण्याच्या टँकरपुढची रांग. उजवीकडे अशा, ज्या फोटोत कधीच येणार नाहीत: वेगळं का जेवायचं, कोणाची कितवी वारी, घरी कोण आजारी आहे. डावा रकाना म्हणजे तुमची चित्रणाची यादी. उजवा रकाना म्हणजे विचारायचे प्रश्न आणि पुढे लिहायची कॅप्शन. कॅप्शनमध्ये माणसाचं नाव (त्यांनी सांगितलं तसंच, आणि छापायला संमती विचारून), गाव, दिंडी, मुक्काम आणि तारीख एवढं हवंच. ‘भक्तीत तल्लीन वारकरी’ हे कॅप्शन नाही. खरं कॅप्शन त्याच दिवशी, मुक्कामावरच लिहा. तीन दिवसांनी चेहरे आणि गावं एकमेकांत मिसळतात, आणि मग अंदाजाने लिहिलेली नावं छापली जातात.

आता थोडं तंत्राकडे, पण तेही जोडीनेच. जुनिचिरो तानिझाकी यांचा ‘इन प्रेझ ऑफ शॅडोज’ हा १९३३-३४ चा जपानी निबंध फोटोग्राफीवर नाही. तो अंधारावर आहे. विजेच्या दिव्यांनी जपानी घरातला अंधार पळवला आणि त्यासोबत लाखेच्या भांड्यांचं सौंदर्यही गेलं, असं त्यांचं म्हणणं. काळ्या लाखेवरची सोनेरी नक्षी लख्ख उजेडात भडक दिसते. ती मेणबत्तीच्या हलत्या उजेडासाठीच केलेली असते, थोडी दिसण्यासाठी आणि बरीच लपण्यासाठी. हे वाचल्यावर समईच्या उजेडातला गाभारा आठवतोच. निबंध पन्नासेक पानांचा आहे, एका बैठकीत होतो.

त्याला जोड अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सच्या ‘द निगेटिव्ह’ची. अॅडम्सने उजेडाचे शून्य ते दहा असे अकरा भाग पाडले. पाचवा मधला करडा, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला जे दाखवाल ते तो पाचव्या पायरीवर आणून ठेवतो, ही त्याची मूळ खोड. गाभाऱ्यात ऐंशी टक्के अंधार असतो. मीटर म्हणतो, हे फार काळं आहे, आणि तो अंधार राखाडी करून टाकतो. समई पांढरा ठिपका होते, तेलकट काळ्या दगडाचा धूसर सिमेंट होतो, तानिझाकींचं सगळं म्हणणं तिथेच मरतं. उपाय: मूर्तीच्या उजळलेल्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा (फक्त तेवढ्या ठिपक्याचा उजेड मोजा) आणि तो चेहरा चौथ्या-पाचव्या पायरीवर ठेवा. ते जमत नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दीड ते उणे दोनवर नेऊन एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. चार-पाच ज्योतींच्या समईजवळ आयएसओ १६००, एफ/२ आणि सेकंदाचा १/३० ते १/६० इथून सुरुवात करता येते. ज्योत स्वतः पांढरी जळाली तरी चालेल, पितळेवरची झळाळी जळता कामा नये. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तो पिवळा उजेड धुऊन टाकेल. सुमारे ३००० केल्विनवर बांधून ठेवा. आणि अर्थात आधी परवानगी. अनेक गाभाऱ्यांत कॅमेरा चालत नाही, आणि फ्लॅश कुठेच चालू नये.

एक सावधगिरी. अॅडम्स लिहितो फिल्मसाठी: सावलीसाठी एक्स्पोजर, उजळ भागासाठी डेव्हलपिंग. डिजिटलमध्ये नियम उलटा होतो, कारण जळालेला उजळ भाग परत येत नाही आणि सावली काही प्रमाणात वर काढता येते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर १९८१ चं पुस्तक आजही पूर्ण उपयोगी आहे. ज्यांना अॅडम्स जड वाटेल त्यांनी ब्रायन पीटरसनचं ‘अंडरस्टँडिंग एक्स्पोजर’ आधी घ्यावं. तांब्यापितळेची भांडी, दागिने, काच यांचे फोटो काढणाऱ्यांना ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ला पर्याय नाही. चकचकीत पृष्ठभाग कुठल्या कोनांतला उजेड कॅमेऱ्याकडे फेकतो एवढं एक तत्त्व कळलं की अर्ध्या अडचणी मिटतात. विशिष्ट कॅमेऱ्याच्या मॉडेलवरची जाड पुस्तकं मात्र घेऊ नका. ती कॅमेऱ्यासोबतच्या माहितीपुस्तिकेचीच विस्तारित आवृत्ती असतात आणि दोन वर्षांत रद्दीत जातात.

चित्रकलेकडून एवढंच सुचवतो. जॉन बर्जरचं ‘वेज ऑफ सीइंग’ (१९७२) आणि चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’. बर्जर विचारतो, हे चित्र कोणासाठी काढलं आणि कोणाच्या मालकीचं होतं. त्याच्या सात निबंधांपैकी तीन नुसत्या चित्रांचे आहेत, शब्द नाहीत. ते ओलांडून पुढे जाऊ नका, फोटो एकमेकांशेजारी ठेवून युक्तिवाद कसा करायचा हे तिथे शिकायला मिळतं. चित्रं मात्र स्वस्त आवृत्तीत इवलीशी आणि काळपट छापलेली आहेत. मूळ चित्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठं करून शेजारी ठेवावं. बरवे उलट्या बाजूने येतात. वस्तू, तिचा आकार, तिच्याभोवतीचं अवकाश आणि कोऱ्या पृष्ठभागासमोर बसलेला चित्रकार, असं त्यांचं लेखन आहे. संथ वाचायचं, दिवसाला चार पानं. सोबत माधव आचवल यांचं ‘किमया’ असेल तर इमारतींचे फोटो काढणाऱ्याला आणखी काही लागू नये. वास्तूत माणूस चालतो तेव्हा अवकाश कसं उलगडतं, ते मराठीत इतक्या ताकदीने दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

इजिप्तला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे बरीच आहे. मीना प्रभू यांचं ‘इजिप्तायन’ बहुतेकांच्या बॅगेत असतंच आणि जागा, इतिहास, अंतरं यासाठी ते असावंही. त्याला अमिताव घोष यांचं ‘इन अॅन अँटिक लँड’ (१९९२) जोडा. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यात राहिलेल्या भारतीय संशोधकालाच गावकरी प्रश्न विचारतात: तुम्ही मेलेल्यांना जाळता म्हणे? गाईची पूजा करता? पाहणारा स्वतःच पाहिला जातो. शिवाय बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या एका ज्यू व्यापाऱ्याचा माग कैरोतल्या सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांवरून काढला आहे, त्यामुळे आपला पश्चिम किनारा या गोष्टीत आपसूक येतो.

रंगीत भारतासाठी छायाचित्रकार रघुवीर सिंह यांचं ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८). भारतात रंग वरून लावलेला नाही, तो पाहण्याच्या रीतीतच आहे, असा त्यांचा आग्रह प्रस्तावनेत आहे. तो पटो न पटो, फोटो पाहताना चौकटीच्या चारही कोपऱ्यांत काय चाललं आहे ते मोजा. पाच-सहा स्वतंत्र घटना एका फ्रेममध्ये, कुणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही आणि सगळं जागच्या जागी. पगडी, सुरकुत्या आणि भेदक डोळे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पोर्ट्रेटच्या शेजारी हे पुस्तक उघडून ठेवलं तर फरक बोलून दाखवावा लागत नाही.

घेताना आणि सांभाळताना होणाऱ्या चुकाही सांगायला हव्यात, कारण ही पुस्तकं महाग असतात आणि आपली हवा त्यांची वैरी आहे.

जुनं फोटोपुस्तक घेताना आधी बांधणी बघा. मधली पानं उघडून शिवणीचा दोरा दिसतो का? नुसत्या गोंदावर चिकटवलेलं जाड पुस्तक दोन-तीन पावसाळ्यांत पानं टाकायला लागतं. दोन पानांवर पसरलेले फोटो घडीत किती गिळले जातात तेही पाहा. पानं मोजा. जुन्या बाजारात एखादं चांगलं चित्र ब्लेडने कापून नेलेली प्रत सर्रास मिळते. ग्रंथालयातून काढून टाकलेली प्रत शिक्के असले तरी स्वस्त आणि उत्तम पर्याय असतो. आणि वास घ्या. कुबट वास आला तर बुरशी जिवंत असू शकते. असं एक पुस्तक कपाटात आलं की शेजारची दहा बिघडतात. घेतलंच असेल तर महिनाभर वेगळं, कोरड्या हवेत ठेवा.

मोठी आणि जड पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक तीनहून जास्त नको. उभी ठेवलेली जड पुस्तकं स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यापासून सुटतात. बाहेर काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, दोन्ही शेजाऱ्यांना मागे ढकलून मधून धरा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती भिंत ओल धरतेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक बंद करण्याची सवय घातक आहे, आतली ओल आतच राहते. हवेतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत असावी, ६५ च्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. साधं आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतं, ते कपाटाच्या आत ठेवा, खोलीत नको. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात टाकून काही होत नाही, त्या फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात काम करतात. रंग बदलला की सुमारे १२० अंश सेल्सिअसला तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नयेत, नारिंगी दाणे घ्यावेत. डांबरगोळ्या पानांना लागू देऊ नका.

आणि पुस्तक भिजलंच तर. साध्या कागदाचं पुस्तक हवेशीर जागी उभं उघडून पंख्याखाली वाळतं. पण फोटोपुस्तकांचा आर्ट पेपर मातीचा लेप दिलेला असतो. तो ओला असताना पानं मिटून वाळली तर लेप एकमेकांत विरघळून पुस्तकाची वीट होते, आणि मग ती कोणालाही सोडवता येत नाही. म्हणून ते उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका, मिटून वर वजनही ठेवू नका. काही तासांच्या आत, पानं ओली असतानाच, एकेक पान हलक्या हाताने सुटं करून प्रत्येक दोन पानांमध्ये टीपकागद किंवा कोरा न छापलेला कागद घाला, आणि तो ओला होईल तसा बदलत राहा. तेवढा वेळ त्या क्षणी नसेल, घरात पाणी शिरलेलं असेल, तर पुस्तक तसंच ओलं झिप असलेल्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेली पानं चिकटत नाहीत. सवड मिळाली की एकेक पुस्तक बाहेर काढून वरचंच काम शांतपणे करता येतं.